निम्मं आटवलेलं पाणी

आई,

तुझ्या नातीचे पुढचे दोन्ही दात आले. पक्के दात. तू तिला पाहिलं नाहीस, माझं लग्नसुद्धा पाहिलं नाहीस, म्हणून आधी सांगते की ती तिसरीत आहे, मला मम्मी म्हणते आणि तिच्या मराठीत अर्धी हिंदी असते. तू असतीस तर दोघींना धारेवर धरलं असतंस. दुधाचे दात पडले तेव्हा घरात केवढं कौतुक झालं, बोळकं म्हणून तिच्या पप्पांनी किती चिडवलं. मग नवीन दात वर यायला लागले आणि मी रोज सकाळी तिचा ओठ वर करून बघायचे. दात आले ते खडूने रेघोट्या मारल्यासारखे. पांढऱ्यावर आणखी पांढरे पट्टे, आणि एकाच्या कडेला पिवळट डाग. मला आधी वाटलं, दूध चिकटलंय. टॉवेलचं टोक ओलं करून मी इतकं घासलं की पोर रडायला लागली. डाग जागचा हलला नाही.

इथे इंदुरात, विजय नगरमध्ये दातांची एक डॉक्टर आहे, पुण्याहून आलेली, वयाने माझ्याहून लहान. तिने आरशाने सगळं तोंड बघितलं आणि मला विचारलं की पाणी कुठलं पिता. आम्ही विजय नगरच्याही पलीकडे राहतो, आई. तू होतीस तेव्हा तिकडे सोयाबीन होतं, आता दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत. नर्मदेची लाइन अगले साल येणार, असं बिल्डर आम्ही राहायला आलो तेव्हापासून सांगतोय. तोवर बोरिंगचं, जमिनीतून उपसलेलं पाणी. हे सगळं मी तिला सांगितलं, आणि मग मोठ्या ऐटीत म्हणाले की बोरिंगचं असलं तरी मी मुलीला कधी तसंच दिलेलं नाही. जन्मल्यापासून सोनं घालून, उकळून, निम्मं आटवून देते. सोसायटीत घरोघरी आरओचं मशीन लागलं, मी नाही लावलं, आमच्या आईची पद्धत आहे. मला वाटलं, बाई खूश होतील, म्हणतील की हल्ली एवढं कोण करतं. तिने हातातला आरसा खाली ठेवला.

"निम्मं?" तिने विचारलं. मग शांतपणे सांगितलं, "ताई, उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड मरत नाही आणि वाफेबरोबर उडतही नाही. पाणी निम्मं झालं की ते दुप्पट होतं."

मुलगी खुर्चीत आडवी पडून छतावरची चिकटवलेली फुलपाखरं मोजत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर आपलं राजवाड्यामागच्या घरातलं स्वयंपाकघर उभं राहिलं. खिडकीखाली ओटा, ओट्यावर ते पितळेचं पातेलं. तू पातेल्याला आतून कुठपर्यंत पाणी आहे ते बघतेस, सोन्याचं वेढं दोऱ्याने बांधून आत सोडतेस आणि गॅस मोठा करतेस. पाणी खळखळतं, भिंत ओल धरते, तू पुन्हा डोकावून बघतेस. निम्म्यावर आलं की फडक्याने पातेलं उतरवतेस आणि मला म्हणतेस, गार होईपर्यंत हात लावायचा नाही. बाहेर उन्हातून आलेलं पोर तहानेने कासावीस झालं तरी तू माठातलं पाणी दिलं नाहीस. शेजारच्या काकू म्हणायच्या, अहो, किती करता, आमची मुलं नाही का नळाचं पितात. त्यांना माहीत होतं तू का करतेस ते, तरी म्हणायच्या. माझ्याआधी दादा होता. नळाला गढूळ पाणी आलं त्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. मी त्याला कधी पाहिलं नाही. मला एवढंच माहीत होतं की दादा पाण्याने गेला, म्हणून आपण पाणी उकळतो.

ते वेढं तू माझ्या वेळी दिवस गेले तेव्हा सराफ्यातून करून घेतलं होतंस. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मीच तिथे होते असं वाटतं. दुपारची वेळ, दुकानं उघडी, रात्रीच्या खाण्याच्या गाड्या अजून लागायच्या आहेत. सोनार विचारतो, बहनजी, नग कौन सा लगाऊँ. तू म्हणतेस, खडा नको, नक्षी नको, नुसती तार वळून द्या, पण टाका मारायचा नाही, कारण टाक्यात दुसरा धातू असतो आणि हे बाळाच्या पाण्यात जाणार आहे. सोनार हसतो. तू हसत नाहीस. एवढीशी तार जोडायला जो टाका लागतो, त्याचीसुद्धा तुला भीती होती, आई. जायच्या आधी दवाखान्यात तू ते माझ्या मुठीत दाबलंस आणि म्हणालीस, तुझ्या बाळाला याचंच पाणी दे, आळस करू नकोस. मी आळस केला नाही. ऑफिसला उशीर झाला, गॅस संपला, ताप आला, तरी केला नाही.

आणि फ्लोराइड हा शब्द मी कुणाकडून शिकले? तुझ्याकडूनच की. पोलोग्राउंडच्या टूथपेस्टच्या कारखान्यात तू पॅकिंगला होतीस. ज्या ट्यूबवर छपाई वाकडी व्हायची त्या कामावरच्या बायकांना घरी न्यायला मिळायच्या, आणि तू त्या गल्लीभर वाटायचीस. सगळ्यांना सांगायचीस, यात फ्लोराइड आहे, दात किडायचे नाहीत. देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायचीस. मला एकदा तू शाळेच्या सुटीच्या दिवशी तिथे घेऊन गेली होतीस. आत सगळीकडे पुदिन्याचा वास, बायका डोक्याला फडकी बांधून रांगेत बसलेल्या. घरी आल्यावर मी बोटभर पेस्ट चाटून गिळली, गोड लागली म्हणून. तू माझी मान पकडून मला मोरीवर वाकवलंस. "थुंक! दाताला लावायची चीज आहे ती, पोटात घालायची नाही." इतकी ओरडलीस की मी पेस्टच्या जागी सगळं जेवण ओकले. मग मला कुशीत घेऊन बसलीस. म्हणजे तुला माहीत होतं ना गं? पेस्टमधलं माहीत होतं. जमिनीखालच्या पाण्यात ते आपलं आपण असतं, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या नळाला नर्मदा होती. त्या पाण्याला तुझी पद्धत बरोबर होती. मी पाणी बदललं आणि पद्धत तीच ठेवली.

बोरिंगचं पाणी तपासायला दिलं. लॅबवाल्याने फोनवर सांगितलं की मॅडम, लिमिट से थोड़ा ऊपर है, घबराने जैसा नहीं है. थोडंच वर. बाकीच्या मुलांना थोडंच. माझ्या मुलीला त्याच्या दुप्पट, मी रोज ओट्याशी उभं राहून, निगुतीने. सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलं आणि मग जी जुंपली ती विचारू नकोस. एकाने लिहिलं की हे सरळसरळ जहर आहे, टूथपेस्टपण फेकून द्या. तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनिअर अंकल मुलाकडे अमेरिकेत राहून आलेत. ते म्हणाले, काय बोलून राहिले तुम्ही लोक, तिकडे तर सरकार पाण्यात मुद्दाम घालतं, दातांसाठी. मग स्वतःच पुढे म्हणाले की तिकडेही त्यावरून लोक भांडतात. मी डोकं धरून बसले. इथे ते पाण्यातून काढायला मशीन लावायचं आणि तिथे पाण्यात ओतायचं, आणि दोन्हीकडे म्हणायचं की मुलांसाठी. डॉक्टरकडे परत गेले तर ती म्हणाली, ताई, आमटीतल्या मिठासारखं आहे, थोडं हवं, जास्त झालं की बिघडलं. ठीक आहे, पण आमटी चाखून बघता येते ना! वर ती म्हणाली की एक दाढ किडायला लागलीय, तेव्हा फ्लोराइडचीच पेस्ट वापरा, वाटाण्याएवढी, आणि थुंकायला लावा. म्हणजे ज्याने पुढचे दात बिघडले, तेच मागच्या दाढेला लावायचं. मी ती पेस्ट आणली आणि दोन दिवस पिशवीतून काढली नाही.

दातांचं एवढं नाही गं. डाग आहेत, मोठी झाली की त्यावर काही करता येतं म्हणतात. पण ती पाय दुखतात म्हणाली. खेळून आली की म्हणते, सगळीच मुलं म्हणतात, मीही म्हणायचे. पण मी वाचलं होतं की हे पाण्यातून फार गेलं तर हाडात जाऊन बसतं, गुडघे वाकतात, म्हातारपण यायच्या आत माणूस काठी धरतो. असंच पाणी पिणाऱ्या झाबुआकडच्या मुलांचे फोटो पाहिले. मी तिला भिंतीशी उभं करून तिचे गुडघे बघायला लागले. सरळ आहेत की नाहीत? सकाळी सरळ वाटायचे, संध्याकाळी वाकडे. ती चालली की मागून बघायचे. शेवटी एक्स-रे काढला. हाडांचे डॉक्टर म्हणाले की काही नाही, एकदम नॉर्मल आहे. घरी येऊन मी ह्यांना म्हणाले की त्यांनी नीट बघितलं नसेल. हे म्हणाले, अब छोड़ भी दे यार, आता आरओचं मशीन लागलं ना, झालं ते झालं. मग माझा बांध फुटला. मी ओरडले, "झालं ते झालं कसं? मीच पाजलं तिला. रोज स्वतःच्या हाताने जहर पाजलं."

ती दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. हातात रिकामा ग्लास होता. तिने तो ओट्यावर ठेवला आणि खेळायला गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात मला काही वेगळं दिसलं नाही, हे मला अजून पटत नाही. बाटली शाळेतून रिकामी यायची, मी समजायचे की प्यायली. ती ते शाळेतल्या कुंडीत ओतत होती आणि घरी दूध-ताकावर भागवत होती. एप्रिलचं ऊन, इंदूर कसं तापतं तुला माहीत आहे. शाळेतून फोन आला की प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. मी स्कूटर कशी चालवली देव जाणे, सगळ्या रस्त्याने माझ्या डोक्यात एकच होतं, की आलं, हाडातून आता आणखी कुठे आलं. दवाखान्यात सलाइन लावलेलं, ओठ फुटलेले. डॉक्टर म्हातारे, मायाळू. त्यांनी तिला विचारलं, बेटा, पानी क्यों नहीं पीती?

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "उसमें जहर है. मम्मी ने बोला था."

मी बाहेर जाऊन बाकावर बसले. दादा पाणी पिऊन गेला आणि ही पाणी न पिता जाईल, असं मनात आलं, आणि माझा चेहरा बघून समोरच्या बाईने आपला थर्मास पुढे केला. त्या पाण्याकडेही मी संशयाने बघितलं, आई. एवढी भीती मला तू गेलीस तेव्हाही वाटली नव्हती.

आता ती घरी आहे, बरी आहे, रविवार आहे म्हणून दुपारी झोपलीय आणि मी हे लिहायला बसलेय. तुझ्यावर रागवायचं होतं मला. ओट्याशी उभं राहून तू जे शिकवलंस त्याचा जाब विचारायचा होता. लिहिता लिहिता तो राग कुठे गेला कळलं नाही. वेढं पुसून डबीत ठेवून दिलंय. पेस्ट पिशवीतून काढली, वाटाण्याएवढी लावते, मी शेजारी उभी राहते. पाणी आरओचं आहे. तेही तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय. ती पाणी पिते, पण आधी मला अर्धा ग्लास प्यावा लागतो. मी पिते, ती माझ्या तोंडाकडे बघत थांबते, मला काही होतंय का बघते. मग विचारते, "मम्मी, ये पक्का अच्छा वाला है?" मी म्हणते, पक्का. तेव्हा कुठे ग्लास तोंडाला लावते.

तू मला ग्लास द्यायचीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काडीची शंका नसायची. एक मूल पाण्याने गेलेलं, आणि दुसऱ्याला रोज पाणी द्यायचं. मी तुला कधी विचारलं नाही की हे चांगलं आहे ना. विचारायची वेळच तू येऊ दिली नाहीस. मला वाटायचं, आईला सगळं माहीत आहे. तुलाही नव्हतं माहीत, हो ना? तूही नुसतीच पक्का म्हणत होतीस, मनातल्या मनात?

हे पत्र तुला पोचायचं नाही आणि मी घरात कुणाला दाखवायची नाही. उठेल आता ती, उठली की पाणी मागेल. माझा अर्धा ग्लास पिऊन मी तिला पक्का म्हणेन. पण तुला सांगते, तसं म्हणताना मी तिच्याकडे बघत नाही.