डाव्या पायाला रजा

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला सांगितलंय तितकंच वाकून, उरलेला मनातून). तुमचा खोकला कसा आहे? कानातलं यंत्र लावता का, की अजून डबीतच आहे? लावत नसाल तर एका परीने बरंच, कारण आमच्या चिरंजीवांनी फोनवर तुमच्याकडे माझं जे गाऱ्हाणं घातलं त्यातलं निम्मं तरी वाया गेलं असेल. पण ऐकू आलं तेवढ्यावरूनच तुम्ही निरोप पाठवलात, की माझ्या भावाच्या गाडीची वाट लावलीस, ती होती तशी करून दे आणि पोराला मुकाट्याने विकू दे. निरोप पोचला. सूनबाईने तो मला भाजी परतता परतता, खालच्या आवाजात सांगितला. मी चिडलेच तर झारा आपल्या हातात असावा असा तिचा हिशोब असणार.

मी चिडले नाही. मी अतिशय मजेत आहे आणि तेच कळवायला हे पत्र. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे दोघींना ओरडावं लागतं आणि मग शेजारचे उत्तरं देतात. अक्षर गोड मानून घ्या. शाळेत मी गेले ती फळा पुसण्यापुरती.

आता मुळापासून सांगते, कारण चिरंजीवांनी शेपटापासून सांगितलं असणार. गाडी तुम्हाला ठाऊक आहेच. निळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. तिच्यात बसत नाहीत, उतरतात, आणि बाहेर यायला कुणाचा तरी हात लागतो. (तुम्ही एकदाच बसला होतात आणि घरी येईपर्यंत डोळे मिटून होतात, त्यामुळे आतून ती कशी दिसते हे तुम्हाला अजून माहीत नाही.) सुरू केली की समोरच्या बिल्डिंगमधलं बाळ जागं होतं आणि बंद केली की पुन्हा झोपतं. हे होते तोवर गॅरेज सांभाळून सुट्टीच्या दिवशी तिला घाटात पळवायचे. हे गेल्यावर लोकांना वाटलं मी तिच्यावर चादर घालीन. मी तिच्यातून भाजी आणायला लागले. बँकेत नेते, दातांच्या डॉक्टरकडे नेते, आणि रस्ते मोकळे असतात त्या वेळी शहराबाहेरच्या गोल रस्त्यावर नुसतीच नेते, काही काम नसताना. एकदा तिथे चिरंजीवांच्या साहेबांना मागे टाकलं. मला काय माहीत ते साहेब आहेत, मागून सगळे सारखेच दिसतात. पण ते त्याला आजतागायत लागलंय.

तर ह्या गाडीचा क्लच म्हणजे भरलेलं पिंप पायाने सरकवणं. इतकी वर्षं सरकवलं, आणि एक दिवस डाव्या गुडघ्याने सांगितलं की बाई, माझ्याच्याने आता होत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुडघा काढला, धातूचा बसवला, तुम्ही बघायला आलात आणि माझ्यासाठी आणलेली मोसंबी बोलता बोलता तुम्हीच संपवलीत. टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले (पोरगाच आहे, स्वभावाने गोड, हात मात्र बर्फासारखे), चाला, जिने चढा, पण तो जड क्लच विसरा. हे ऐकून चिरंजीवांचं तोंड इतकं खुललं की माझा गुडघा बरा झाल्याचं ऐकूनही खुललं नव्हतं. संपलं म्हणे एकदाचं. घरी पोचायच्या आत त्याने गाडीला गिऱ्हाईक बघायला घेतलं, आणि मला म्हणाला, आई, दाखवायच्या आधी मिस्त्रीकडे टाकून ती नीट करून घे.

वन्सं, हे वाक्य त्याचं आहे. नीट करून घे. मी आईच्या जातीची, मुलाचा शब्द खाली पडू देत नाही.

मिस्त्रीकडे जायच्या आधी मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं, क्लच नको म्हणालात, गाडी नको असं कुठे म्हणालात? ते म्हणाले, बिनक्लचची असेल तर डाव्या पायाला कामच नाही, उजवा तुमचा ठणठणीत आहे, चालवा की. झालं. मी मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता गॅरेज त्याचंच आहे. त्याला म्हटलं, हिचा गिअरबॉक्स काढ आणि ऑटोमॅटिक बसव. त्याच्या हातातला पाना खाली पडला. मग तो उलट्या बादलीवर बसला आणि मला समजावू लागला, की बाई, ही गाडी साधी नाही, हिचा सगळा जीव हाताने गिअर टाकण्यात आहे, ज्यांना कळतं ते लोक थुंकतील, पैलवानाला पाळण्यात घालून झोके देण्यासारखं आहे हे. शेवटचा शब्द असा टाकला, की तिचं अस्सलपण जाईल.

मी म्हटलं, माझा गुडघा बदलला तेव्हा तू भेटायला आलास. माझं अस्सलपण गेलं असं तेव्हा बोलला नाहीस.

तो म्हणाला, बाई, गुडघ्याचं वेगळं.

मी म्हटलं, कसं वेगळं ते सांग. अंगातलं हाड काढून लोखंड घातलं तरी मी तीच, असं तुम्ही सगळे मला दवाखान्यात सांगत होतात. मग गाडी कशी दुसरी होईल? त्याने उठून पाना उचलला. तोंड मात्र असं केलं होतं, की गाडी उचलायला आलेल्या पोराने विचारलं, कुणी गेलं का.

नशिबाने ह्याच जातीची एक ऑटोमॅटिक गाडी भंगारात मिळाली, मागून ट्रकने चेपलेली आणि पुढून कोरी करकरीत. तिचा गिअरबॉक्स आमच्या गाडीत आला. पण काम संपलं तरी गाडी सुरू होईना. मिस्त्री म्हणाला, हिचं डोकं, म्हणजे आतला कॉम्प्युटर, जुनंच आहे, कुणीतरी क्लच दाबेल म्हणून ती वाट बघत बसलीय. मला तिची दया आली. दवाखान्यातून घरी आल्यावर मीही जिना चढताना आधी जुना गुडघा दुखायची वाट बघायची. मग त्या भंगारातल्या गाडीचं डोकंही काढून हिला बसवलं, आणि समोरच्या बिल्डिंगमधलं नाही तर गॅरेजजवळचं एक निराळं बाळ जागं झालं.

आता पहिल्या फेरीचं सांगते, कारण ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तीन पेडलच्या जागी दोन असतात. क्लच गेला की ब्रेक दुप्पट रुंद होतो, वारसा हक्काने त्याची जागा खाल्ल्यासारखा. मी निघाले, छान वेग घेतला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझा डावा पाय, नवा कोरा, डॉक्टरांनी पास केलेला, क्लच समजून त्या ब्रेकवर सगळ्या जोराने पडला. शेजारी मिस्त्री बसला होता. मिस्त्री तिथेच राहिला कारण पट्टा लावला होता, पण त्याचा चष्मा, त्याची टोपी आणि त्याच्या हातातला चहा हे तिघेही काचेला जाऊन भेटले. मागचा दूधवाला जे बोलला ते मी लिहीत नाही, तुम्ही यंत्र लावून वाचत असाल. दोनशे पावलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर हातानेही पायाला साथ दिली, गिअर टाकायला म्हणून दांडा ओढला आणि गाडी न्यूट्रलला जाऊन नुसतीच बोंबलत राहिली. मिस्त्री चहाने भिजलेल्या अंगाने एवढंच म्हणाला, बाई, तिला सगळं येतं, तुम्ही तिच्या कामात हात घालू नका. (सूनबाईला हे वाक्य फार आवडलं. हल्ली ती स्वयंपाकघरात ते मला ऐकवते.)

मग मी डाव्या पायाला दुसरं काम दिलं. रिकामा बसला की तो आगाऊपणा करतो, आपल्या घरातल्या पुरुषांसारखाच. मिस्त्रीने बाजूला एक लाकडी पाटी ठोकली, पाय तिच्यावर रेटून बसायचं आणि काहीही झालं तरी हलायचं नाही. दोन दिवस तो फुरफुरला, मग रमला. आणि वन्सं, त्यानंतर जी मजा आहे ती मी कोणत्या शब्दांत सांगू. हे हाताने गिअर टाकायचे तेव्हा मध्ये एक दम घेतल्यासारखं व्हायचं. आता ती दमच घेत नाही. एकातून दुसऱ्यात कधी गेली ते फक्त आवाजावरून कळतं. सिग्नलला एक पोरगा शेजारी उभा राहिला, पिवळी गाडी, काळा गॉगल, आणि माझ्याकडे बघून इंजिन गुरगुरवायला लागला. मी पदर नीट खोचला. दिवा हिरवा झाला, तो पहिल्यातून दुसरा गिअर शोधत होता तेवढ्यात मी पुढच्या सिग्नलला पोचून आरशात केस नीट केले. तो मागाहून आला, काच खाली करून म्हणाला, आजी, काय काय बसवलंय? मी म्हटलं, गाडीला गिअरबॉक्स आणि मला गुडघा.

आता गिऱ्हाईकाचं, ज्याच्यावरून ही सगळी रडारड आहे. चिरंजीव त्याला घेऊन आले. हा माणूस अशा गाड्या गोळा करतो आणि म्हणे गोदामात पुसून ठेवतो, चालवत नाही. हातात मऊ चामड्याचे हातमोजे. गाडीभोवती तो देवळाभोवती फिरावा तसा फिरला, आणि मग आत उतरला. बसल्या बसल्या डावा पाय क्लच शोधायला गेला आणि तिथे नुसती पाटी. त्याने खाली बघितलं. मग दांड्याकडे बघितलं. मग एखाद्याने घरात साप बघावा तसा पाय वर घेऊन बाहेर आला.

ऑटोमॅटिक, असं तो म्हणाला, घरात कुणाला झालेल्या आजाराचं नाव घ्यावं तसं.

चिरंजीव माझ्याकडे वळून म्हणाले, आई, हे काय?

मी म्हटलं, तूच सांगितलं होतंस, नीट करून घे.

गिऱ्हाईक म्हणालं, जुना, मूळचा गिअरबॉक्स परत बसवलात तरच मी गाडीला हात लावीन, दुसरा कुठलाही चालणार नाही. मी त्याला चहा विचारला, तो न घेताच गेला. मोजे मात्र विसरला. भांडी घासायला उत्तम आहेत. तेव्हापासून चिरंजीव माझ्याशी सूनबाईमार्फत बोलतात आणि तुमच्याशी फोनवर.

आता तुमच्या निरोपाचं उत्तर. माझ्या भावाची आठवण तू पुसलीस असं तुम्ही म्हणालात. वन्सं, तुमचा मान माझ्या डोक्यावर, पण यांची आठवण त्या गिअरबॉक्समध्ये नव्हती. असती तर दर वर्षी जुन्या तेलाबरोबर थोडी थोडी निथळून गेली असती. मला शिकवताना मी गिअर घासला की यांचे दात आंबायचे, आणि आता ती घासत नाही, तर ते जिथे असतील तिथे सुखाने चावत असतील. आणि खरं सांगू का, मी ती यांची आठवण म्हणून चालवत नाही. मला आवडते म्हणून चालवते. घरात मी पेशंट आहे. खुर्ची सरकवतात, ताट हातात आणून देतात, मला काय हवं ते सूनबाईला विचारतात. त्या गाडीत उतरले की मला कुणी काही आणून देत नाही. ते माझ्याकडून काढून घ्यायचं असेल तर कुणी माझ्यासमोर येऊन घ्यावं. मी गाडी विकू देणार नाही, आणि जुना गिअरबॉक्सही परत बसवणार नाही. चिरंजीवांनी मिस्त्रीला विचारलं तो कुठे आहे, मिस्त्री म्हणाला बाईंना विचारा, आणि मी म्हटलं मला आठवत नाही. ह्या वयात एवढं विसरायला कुणी हरकत घेत नाही. मी कुणाला भीत नाही, चिरंजीवांना नाही आणि, रागावू नका, तुम्हालाही नाही.

तब्येत जपा. रोज थोडं चाला. यंत्र लावा.

तुमची,
भावजय

ता. क. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तो टेम्पोवाला आहे, त्याला पाणी द्या. त्याच्याबरोबर दुसरा एक माणूस आणि एक लाकडी खोका आहे, वर 'जुनी भांडी' असं मी खडूने लिहिलंय. तो तुमच्या पलंगाखाली बरोब्बर मावतो, मागच्या खेपेला आले होते तेव्हा मी काठीने मोजून घेतलं. आत काय आहे ते तुम्हाला कळलंच असेल. चिरंजीव सगळी गोदामं धुंडाळतील, पण आत्याच्या पलंगाखाली वाकून बघायची त्याची छाती नाही. लहानपणी तुम्ही त्याला एकदा तिथूनच कान धरून बाहेर ओढलं होतंत, ते तो विसरलेला नाही. एवढं माझ्यासाठी करा. तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी नाही.

ता. क. दुसरा. खाली जुनी सतरंजी घाला, थोडं तेल पाझरेल. नको म्हणून परत पाठवू नका, टेम्पोवाल्याला मी फक्त येण्याचं भाडं दिलंय.

ता. क. तिसरा. आणि वन्सं, तो खोका भंगारात मात्र देऊ नका. डॉक्टरांना मी परवा पुन्हा विचारलं, ते म्हणाले, वर्षभराने गुडघा बघू आणि मग क्लचचं बघू. मिस्त्रीला यातलं काही कळता कामा नये, तो आयुष्यभर मला ऐकवील. ऑटोमॅटिक फार चांगली आहे, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक अक्षर मागे घेत नाही. पण दुपारी खुर्चीत डोळा लागला की माझा डावा पाय आपोआप पुढे सरकतो आणि हळूच काहीतरी दाबतो, आणि मग हातही जातो. हे लिहायचं नव्हतं. कागद उरला होता.