स्क्रूऐवजी बेल्ट

३ जून
झालं! कटर सरकवणारा लांब स्क्रू काढला, त्याच्या जागी बेल्ट बसवला. मागच्या खोलीतलं हे मशीन मीच जुळवलेलं — कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरतं. मेव्हणा दारात उभा. "भाऊजी, चालत्या गाडीची चाकं कशाला काढता? बेल्ट काही जमायचा नाही तुम्हाला!" याचं स्वतःचं चालतं असं काहीच नाही, म्हणून दुसऱ्यांच्या चाकांची काळजी.

४ जून
दहा मिलिमीटर सरक म्हटलं, पठ्ठ्या पन्नास सरकला! वाटेतला चहाचा कप जमिनीवर. सेटिंगमधला आकडा जुनाच राहिला होता. एक मिलिमीटर सरकायला स्क्रूला मोटरचे चारशे टप्पे लागायचे, बेल्टला ऐंशी पुरतात. बायको तुकडे उचलत म्हणाली, "एवढ्या उत्साहाने कधी बाजारात गेलात?"

५ जून
ऐंशी केले. दहा म्हणजे दहा! मग लोभ सुटला. उभ्या जागेवरून एकदम सुसाट पळ म्हटलं, तर मोटर नुसती गुरगुरली, थरथरली, जागची हलली नाही. थेट आमचे साहेब! हळूहळू वेग घ्यायला लावलं. पळाली.

७ जून
कटर बंद ठेवून नुसतं फिरवून पाहतोय. आवाजच नाही! स्क्रू कसा किंचाळायचा. त्या किंचाळीच्या आडोशाने भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात माझी यथेच्छ धुलाई चालते, हा माझा जुना संशय. आता मशीन गप्प, तर बहीणभाऊ कुजबुजतात.

८ जून
युक्ती! जुन्या किंचाळीचं रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. फोन दाराशी लावून ठेवला, कान भिंतीला. लगेच पलीकडची तोंडं सुटली.
मेव्हणा — "जन्मात एक स्टूल धड झालं नाही यांच्या हातून!"
बायको — "दोन झालीत. एकावर बसता येतं."
हसू दाबून दाबून पोट दुखलं. मग ती म्हणाली, "पण ती खोली महिनाअखेर रिकामी हवी."
हसू पळालं. कट शिजतोय!

९ जून
मोर्चेबांधणी. दिवसभर मशीन घोटलं. वर्तुळ गोल, चौकोन चोख, केसाचाही फरक नाही. आता मागूनच दाखवा खोली! भांडणासाठी वाक्यंही तयार ठेवलीत. काही तर फारच झोंबरी.

१० जून
पुन्हा किंचाळी लावली. पलीकडे फोन स्पीकरवर — लेक, सासरहून.
"आई, बाबांना इतक्यात सांगू नकोस. त्यांचं मशीन हलवू नका गं. मी बाहेरच्या खोलीत झोपेन."
"किती दिवस आहेस?" — मेव्हणा.
लेक — "मामा, मी परत जाणार नाहीये."
तेवढ्यात माझं रेकॉर्डिंग संपलं. इकडे शांतता, तिकडेही. घाईघाईने पुन्हा लावलं. कान मात्र भिंतीला लावला नाही.

१२ जून
मशीन सुटं केलं, माळ्यावर टाकलं. बायको दारात — "अहो, हे काय?"
म्हटलं, "नाही जमला बेल्ट. तुझा भाऊ म्हणत होता तेच खरं."
मेव्हणा इतका खूश, की रिकाम्या खोलीत खाट एकट्यानेच उचलून आणली.