आधीची हाक चालू

९ मार्च

हॉल बंद! गेमचे उरलेले सगळे सामने आपापल्या घरून, ऑनलाइन, म्हणे. कोच दारात उभा राहून सांगत होता आणि आम्ही पाचही जण स्क्रीनसमोर बसून हसत होतो — वाटलं, फिरकी घेतोय. मग त्याच्या तोंडावरचा मास्क बघितला. हसणं थांबलं.

वर्षभर बोटं घासली ती काय घरी बसून खेळायला? मला तो हॉल हवा होता. ते दिवे, तो आरडाओरडा. आई पहिल्या रांगेत बसणार होती. कानात घालायला कापूससुद्धा काढून ठेवला होता तिने!

मालकाचं म्हणणं वेगळंच. राखीव खेळाडूला घरी पाठवलंय, आणि पहिल्या चारांत आलो नाही तर टीमच बंद. म्हणजे पाचातला एक जरी बसला नाही तर सामना गेला. दादा म्हणाला, "मग कोणी आजारी पडायचं नाही. ठरलं!" जसं काही ते आपल्या हातात असतं.

१० मार्च

सगळे पांगले. दादा मात्र टीमच्या घरातच राहणार. इथलं नेट सगळ्यात पक्कं, आणि कप्तान म्हणून खेळात हाका तो देतो. त्याचं नेट गेलं की आम्ही आंधळे. मी म्हटलं, मीपण थांबते. तर म्हणे, "आई एकटी आहे, तू नीघ." थोरला भाऊ म्हणजे काय, बोलायची सोय नाही.

निघताना बजावून आले — हेडफोनवर चुकूनही मला घरच्या नावाने ठमे म्हणायचं नाही! पहिल्या वर्षी भर सामन्यात ओरडला होता, "ठमे, पळ!" सगळ्या जगाने ऐकलं. टीममधला बोक्या अजून चिडवतो. सामन्यात मी डावी. डाव्या बाजूला खेळते म्हणून डावी, बस्स. शपथच घातली त्याला.

१६ मार्च

हरलो. हरलो कसले, धुतलं आम्हाला.

घरून पहिलाच सामना. माझ्याकडे आईचा कुकर, बोक्याचं कुत्रं, लांब्याच्या खिडकीखाली अँब्युलन्स. एक गेली की दुसरी. दादाची हाक ऐकूच येईना. मग जो तो स्वतःच हाका द्यायला लागला. पाच जणांच्या पाच तऱ्हा. बोक्या पुढे, लांब्या मागे, मधल्यामधे मी मेले.

दादा चिडला की ओरडत नाही, आवाज खाली आणतो. तेच वाईट. "नियम काय आहे आपला?" आम्ही शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात — "हाक आली नाही, तर आधीची हाक चालू." म्हणजे पुढे म्हणाला असेल तर पुढे. थांबा म्हणाला असेल तर थांबा, तो दुसरं काही सांगेपर्यंत. मधे कोणी तोंड उघडायचं नाही. याच नियमावर गेल्या वर्षी तिसरे आलो होतो.

१८ मार्च

तोडगा सापडला, आणि मी शोधला! एक फिल्टर आहे. माइकमधून फक्त बोलणं पुढे सोडतो, बाकी सगळं गाळून टाकतो. कुकर, कुत्रं, पंखा — गुल! दादा आधी नाही म्हणत होता, "माझ्या आवाजात कशाला ढवळाढवळ?" मी हट्टाने लावायला लावला. कोचची एकच अट — ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर सामन्याचं रेकॉर्डिंग होतं, ते न गाळलेलं राहू दे. त्याला नंतर चुका शोधायला खरा आवाज लागतो. राहू दे की, माझं काय जातंय!

बोक्याने माइकसमोर ताट बडवलं. चिडीचूप. मग ढेकर दिली. तीही गाळली! पोट धरधरून हसलो.

२३ मार्च

जिंकलो! कानात फक्त दादा. दुसरं काही म्हणजे काही नाही.

२७ मार्च

वरच्या मजल्यावरच्या काकांना नेलं. काकू जिन्यात उभ्या होत्या, त्यांना सोबत जाऊ दिलं नाही. पिशवीत कपडे भरून आणले होते, तेही परत केले. आई दाराच्या फटीतून बघत राहिली. मग आत येऊन तिने तोच ओटा परत पुसला.

मी सरावाला बसले. दुसरं काय करणार?

१ एप्रिल

दादाचा व्हिडिओ कॉल. आई बघताक्षणी म्हणाली, "तोंड किती उतरलंय रे!" खोकत होता. "घसा बसलाय गं आई. दिवसभर बोंबलायचंच काम ना माझं." रिकामं घर फिरवून दाखवलं, पाच खुर्च्या, चार रिकाम्या. माझ्या खुर्चीवर त्याने कपडे वाळत टाकलेत. गाढव!

नंतर सरावात मात्र खोकला अजिबात नाही. मग पेटला डोक्यात दिवा — फिल्टर! खोकलाही गाळतो की. बोक्याला म्हटलंसुद्धा, बघ माझी कमाल.

५ एप्रिल

परत जिंकलो. आता एकच राहिला. परवाचा सामना मारला की चौथे.

दादा हल्ली हाका तुटक देतो. एक शब्द, फार तर दोन. खेळ झाल्यावर फोन केला. फोनवर फिल्टर नाही. श्वास लागत होता त्याला, दोन शब्दांत थांबत होता.

"ताप आहे?"

"थोडा."

"डॉक्टर?"

"परवाचं झालं की जातो. आत्ता गेलो तर ठेवून घेतील. मग पाचवा कुठून आणू? तुला आणू का दोनदा?"

हसायला गेला आणि खोकलाच खोकला. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. तू मला शपथ घातलीस ना, आता माझी घे."

घेतली. आणि इथे खोटं कशाला लिहू — मीही नको खेळूस म्हणाले नाही. चौथा नंबर मलाही हवाय. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणतेय मी स्वतःला.

७ एप्रिल

जिंकलो!!!

 लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

शेवटाला आलो तेव्हा आमचा किल्ला अर्धा पडलेला, त्यांचा धडधाकट. सगळे झाडीत दबून बसलो. दादाची हाक आली — "थांबा." बस्स. आणि मग काहीच नाही. समोरचे दिसतायत, ये-जा करतायत, बोटं शिवशिवतायत, पण हाक नाही. हाक नाही तर आधीची चालू. थांबा म्हणजे थांबा! बोक्या चुळबुळायला लागला, "अरे, दादा काही बोलत का नाही?" मीच दटावलं — "शू! गप बस. दादा सांगेल."

काय धीर धरला आम्ही! शेवटी त्यांचाच धीर सुटला. पाचही जण एकदम आत घुसले, आयते आमच्या तोंडात. त्याच्यापुढे हाक कशाला लागते? कापून काढलं आणि तसेच त्यांच्या किल्ल्यावर. पडद्यावर दादा जागचा हलला नाही. बोक्या म्हणाला, "म्हातारा बसून कौतुक बघतोय आपलं!" समालोचक तर वेडा झाला होता. असा थंड डोक्याचा कप्तान पाहिला नाही, म्हणे.

आईला मिठी मारली. तिला ओ की ठो कळलं नाही, पण रडली.

दादा फोन उचलत नाहीये. झोपला असेल. झोपू दे बापड्याला.

८ एप्रिल

झोपला नव्हता.

सकाळीही उचलेना, तेव्हा कोचने वॉचमनला वर पाठवलं. दार फोडावं लागलं. खुर्चीशेजारी जमिनीवर पडला होता. श्वास चालू होता. नेलंय.

आईला सगळं सांगितलं. शपथ मोडली. ती चप्पल घालायला लागली. कुठे जाणार आई? कोणी आत सोडत नाही!

११ एप्रिल

नळ्या घातल्यात. फोनवरची नर्स म्हणते, आहे तसंच आहे. रोज तेच.

१४ एप्रिल

दादा गेला.

१६ एप्रिल

आम्हाला बघूही दिलं नाही. लांबून एक गाडी दाखवली. आई म्हणाली, "त्यातच आहे कशावरून?"

२२ एप्रिल

मालकाचा फोन. आधी शोक, मग अभिनंदन. चौथे आलो ना, टीम चालू राहणार. हाका द्यायला नवा माणूस बघतायत. मी फोन ठेवला. बोक्या म्हणतो, पुन्हा हेडफोन घालवत नाही. मलाही.

आईने संध्याकाळी विचारलं, "तू तर रोज त्याचं बोलणं ऐकत होतीस गं. कसा होता आवाज?"

"स्वच्छ," मी म्हटलं.

खरंच तर होतं ते. तिच्याकडे बघवलं नाही.

३ मे

दादाचं सामान आलं. कॉम्प्युटरही. आई झोपल्यावर दुपारी लावला. शेवटच्या सामन्याचं रेकॉर्डिंग आहे त्यात. न गाळलेलं.

दादा गप्प नव्हता.

"थांबा" म्हणाल्यावर खोकला. खूप वेळ. मग काहीतरी पडल्याचा आवाज. मग तो बोलतो. आवाज इतका बारीक झालाय, नुसता वाराच. फिल्टरला ते बोलणं वाटलंच नाही. आधी म्हणतो, "डावी." परत, "डावी." मग शपथ मोडून — "ठमे. ठमे, कोणाला तरी पाठव."

हेडफोन तिथेच कुठेतरी पडला असणार, कारण त्याच्यामागून मी ऐकू येते. अगदी स्पष्ट.

"शू! गप बस. दादा सांगेल."