संत्र्याच्या वासाची पेज

मिरजोळे, गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

ती. मथुराताईस,
धाकट्या मैनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र ईशाच्या डब्याच्या पिशवीत घालतेय. माझं चौथीचं अक्षर आहे, चष्मा लावून वाच.

काल दुपारी पाळणाघरात तुझ्या नातीने, ईशाने, तू दिलेली पेज खाल्ली आणि साडेबाराला गपकन आडवी झाली. मला बरंच वाटलं, कार्टी एरवी झोपते कुठे! मग तिच्या बरोबरीचा गौरव लवंडला. वेदिका तर दहा महिन्यांची, तीन वाजता हलवली तरी उठेना, मान नुसती लुळी. आमच्या पाळणाघराच्या भार्गवीबाईंनी डॉक्टरांना बोलावलं. ते विचारतात, पोटात काय गेलंय? मी उरलेली पेज हुंगली तर संत्र्याचा वास. पेजेत संत्री कुठनं आली गो? तुला फोन केला, तर मिठाशिवाय काही नाही म्हणालीस.

वेदिकाने दवाखान्यात सहाला भोकाड पसरलं, तेव्हा मी पहिला घोट पाणी प्यायले. पण आता तिची आई म्हणते, मैनाबाईच गप्पा मारायला मिळाव्यात म्हणून पोरांना झोपेचं औषध पाजते. सोमवारी पालकांची बैठक आहे. नोकरी गेली तर दुसरी बघीन, पण पोरांना गुंगी देणारी बाई म्हणून मला या गावात राहायचं नाही. खरं काय ते लिही.

लोभ आहे, पण कालपासून आंबलाय.
तुझी मैना

मिरकरवाडा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. मैनास अनेक आशीर्वाद.

चष्मा लावला. अक्षर तरीही कोंबडीच्या पायाचंच.

बरं, घातलं मी. ईशाला सर्दी झालीय. चमच्याने औषध दिलं की कारंजं उडवते, माझ्या दोन साड्या चिकट केल्या. थोरल्या नातवाची, नितेशची, गेल्या वर्षीची संत्र्याच्या चवीच्या सर्दीच्या औषधाची बाटली फळीवर होती. त्यातली दोन झाकणं पेजेत ढवळली. अर्धी पेज ती टाकतेच, म्हणून वर आणखी एक झाकण.

तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोळंबीत. फोन शेजारच्या आनंदीबाईने माझ्या कानाला धरलेला. तिच्या कानात पडलेलं, बर्फ वितळायच्या आत सगळ्या बंदराला कळतं. तिच्यासमोर कबूल करू? त्यात ती बाटली फेका म्हणून सूनबाईने, सानिकाने, मला दोनदा सांगितलं होतं. तिला कळलं तर ती माझ्या हाती पोरगी सोपवायची नाही. पाळणाघरातून आलेली ईशा जवळ नसली तर मी घरात काय भिंती बघू? सोमवारी माझं नाव काढू नकोस.

आणि शहाणे, मी घातलं ईशाच्या डब्यात. ते वेदिकाच्या पोटात कसं गेलं, ते आधी सांग.

रागावलीस तरी जेवून रागाव.
तुझी ताई

मिरजोळे, शुक्रवार संध्याकाळ

ती. ताईस नमस्कार.

पकडलंस. तीन डबे, तीन टोप, नंतर तीन टोप घासा. मला कंटाळा. तिघांची पेज एका टोपात ओतून तापवते मी, गेलं वर्षभर. भिंतीवर कागद आहे, ज्याचा डबा त्यालाच. त्या कागदाखालीच गॅस आहे.

त्याच कागदावर औषधाचंही लिहिलंय. मूळ बाटली, त्यावर पोराचं नाव, डॉक्टरची चिठ्ठी, मापाचं टोपण, आधीचा डोस किती वाजता दिला ते. सगळं भार्गवीबाईंच्या हातात द्यायचं, त्या कपाटाला कुलूप लावतात. तुझी पेज कुलपात ठेवायची का?

आता बसून वाच. आज पाळणाघराची, पालक रोज लिहितात ती वही उघडली. बुधवारच्या पानावर सानिकाने स्वतः लिहिलंय, ईशाला सर्दीचं नवं औषध सकाळी सातला दिलं. तुला तिने सांगितलं नाही, तिला तू सांगितलं नाहीस. म्हणजे आपल्या ईशाच्या पोटात दोन औषधं गेली. वेदिकासाठी मी घाबरले, पण जास्त कोणाच्या पोटात होतं ते बघ. ईशा उठली ते आपलं नशीब, अक्कल नव्हे.

टोपाचं मी वहीत लिहून टाकलं. तीन ओळींना अर्धा तास लागला. औषधाचं मी डॉक्टरांना आत्ता फोनवर सांगितलं, ते लपवणार नाही. त्यांना बाटली बघायचीय. बैठकीत काय ते तू सांग. मी तुझं नाव घेणार नाही, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

येताना झाकण नको, बाटली आण.
मैना

मिरकरवाडा, बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. मैनास आशीर्वाद.

सोमवारी बाटली घेऊन उभी राहिले आणि किती झाकणं घातली तेही सांगितलं, तू ऐकलंसच. वेदिकाची आई मला बोलली, त्यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणून मी तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. नंतर ती तुझ्याकडे येऊन चुकलं म्हणाली, तेव्हा तू आपली टोप घासत बसलीस! भार्गवीबाईंनी तुला लेखी ताकीद देऊन ठेवून घेतलं, तेही तीन टोपांसकट, हे बरं झालं.

घरी दोन दिवस सानिकाची भांडी बोलत होती. आज सकाळी तिने फ्रिजवर कागद चिकटवला. औषध कोणतं, किती वाजता, कोणी दिलं. शेवटच्या रकान्यात दोन नावं, सानिका आणि आई. मी तिथे उभी राहून तो कागद चारदा वाचला. मला काढलं नाही गो.

औषध ती आज स्वतः चिठ्ठीसकट भार्गवीबाईंच्या हातात देईल. पिशवीत फक्त पेज. मिठाशिवाय काही नाही, या वेळी खरंच. हुंगून बघ.

आंबलेला लोभ गोड झाला का ते कळव.
तुझी ताई

मिरजोळे, त्याच दिवशी

ती. ताईस नमस्कार.

हुंगली. वेगळ्या टोपात तापवली. चाखलीसुद्धा.

ताई, मीठही विसरलीस.

तुझीच,
मैना