भांडायला गेलेला गाव

कुमहेलिग,
रविवार, प्रार्थनेनंतर

चिरंजीव इद्वल,

तुला व सूनबाईंना ट्रेफर काकाचे पोटभर आशीर्वाद. स्लाऊच्या कारखान्यात तुझा खोकला कसा आहे? (इथला कोळशाचा होता, निदान घरचा तरी.) माझा गुडघा चढणीकडे नुसतं पाहूनच कुरकुरतो. बाकी तुझ्याकडून काही नको, सहज लिहितोय.

खाण बंद झाल्यापासून नगरपालिकेचा डोळा आपल्या कामगार हॉलवर आहे. तो पाडून तिथे मोटारी उभ्या करणार म्हणे. (गावात मोटारी दोन, त्यांतली एक मयत न्यायची.) आता, आजोबांच्या काळात चॅपलमध्ये बाजाची पेटी ठेवावी की नाही यावरून बेथानिया चॅपल फुटलं आणि त्यातून सारोन चॅपल निघालं, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून एकीकडचे लोक दुसरीकडे लग्नालाही पाय ठेवत नाहीत. पण दर बुधवारी गाण्याच्या तालमीला हॉलमध्ये दोन्हीकडचे गडी एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून गातात. हॉल गेला की गावाचे दोन तुकडे होणार, आणि आपलं गाव काही दोघांना पुरेल एवढं मोठं नाही.

म्हणून नगरपालिकेचे साहेब हॉलच्या तपासणीला आले त्या दिवशी सारा गाव दारात बोंबा मारायला जमला. पण माशाला बुडायला सांगावं तसं झालं. सारोनच्या मॉर्गन खाटकाने "हॉल आमचा!" अशी आरोळी ठोकली, ती नेमकी सुरात. सारोनवाला एकटा गातोय हे बेथानियाला कसं सोसवेल? त्यांनी खालचा सूर धरला, बायकांनी वरचा, आणि बघता बघता निषेधाचं स्तोत्र झालं! साहेबांनी टोपी काढून डोळे पुसले. एवढं प्रेमाचं स्वागत कुठे झालं नव्हतं म्हणे.

तुझ्या काकूने कपाळावर हात मारला. "मेल्यांनो, भांडायला आलात ना? मग भांडा की!"

"भांडतो वहिनी," मॉर्गन म्हणाला, "एवढं कडवं होऊ दे."

पण साहेब पलीकडच्याच खोऱ्यातल्या खाणकामगाराचे चिरंजीव निघाले. जाताना हळूच म्हणाले, "ईस्टरच्या आठवड्यात नगरपालिकेच्या समितीला इथेच घेऊन येतो. तिच्यापुढेही असंच भांडा. फक्त शेवटच्या कडव्यात पुरुषांचा वरचा आवाज पडला, तेवढं बघा."

तेव्हा आशा आहे.

तुझा,
ट्रेफर काका

ता. क. आवाज पडला ती जागा तुझी. मॉर्गन तिथे कुणाला उभं राहू देत नाही, आणि त्या फटीतून वारा लागतो म्हणून वर कुरकुरतो.

ता. क. आणखी एक. 'काही नको' असं वर लिहिलंय ते खोडलं असं समज. शाईचा डाग पडेल म्हणून राहू दिलं. ईस्टरला ये. खोकला मात्र स्लाऊलाच ठेवून ये.