कट्ट्याच्या किल्ल्या

प्रिय सिद्धलिंग,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवशील, म्हणून पत्ता इथल्या क्लार्ककडून लिहून घेतला. रागावू नको. फोन तू उचलत नाहीस. दाक्षायणीवहिनींना केला, तर त्या म्हणाल्या, "भावजी, कट्ट्याचं नाव काढलं की हे उठून गच्चीवर जातात. तितं ऊन असू दे, न्हायतर काय बी असू दे."

मी बरा आहे. टेंभुर्णीचा ढाबा सोडला, सुरत सोडली, आता मुंद्रा बंदरात कंटेनर बांधतो. हेही किती दिवस, सांगता येत नाही. एकाच गोष्टीला मी चिकटून राहिलो, ती म्हणजे तुझा कट्टा. मंगळवेढ्याच्या शाळेतून मी आठवीत पळालो, तू इंजिनिअर झालास. आपल्याकडची माणसं एका वाक्यात मराठी-कानडी दोन्ही बोलतात, मग फोनवर लिहिताना का अडावं, म्हणून तू कीबोर्ड करायला घेतलास आणि तो सगळ्यांना खुला ठेवलास. करणारे जमावेत म्हणून इंटरनेटवर कट्टा मांडलास. मला म्हणालास, "अभ्या, कोड लिहिणारे मिळतील रे. आलेल्याला 'या, बसा' म्हणणारा मिळत नाही. ते तू कर." अक्कलकोटची राजेश्वरी आली तेव्हा भीत भीत विचारत होती, "अण्णा, चुकलं तर ओरडता का?" मी लिहिलं, बाई, मला तर तुमचं चुकलेलं कळतसुद्धा नाही. लई हसली. आज कानडीचा निम्मा भाग तिनं लिहिलेला आहे. मिरजेचे आले, कलबुर्गीचे आले. पगार कुणालाच नाही, तरी लोक यायचे.

मग फोनचं नवं अपडेट आलं आणि कीबोर्डातली जोडाक्षरं फुटली. सगळे तुझ्यावर तुटून पडले. एकानं तर लिहिलं, "फुकट दिलं म्हणून मोडकं द्यायचं व्हय?" तू "बघतो" एवढंच लिहिलंस आणि दिवाळीपासून दिसला नाहीस. राजेश्वरीनं दुरुस्ती करून ठेवली, पण ती आत घ्यायचा अधिकार एकट्या तुझ्या खात्याला. म्हणजे किल्ल्या तुझ्याकडे आणि तू गच्चीवर. कट्ट्यावरचे आपले शिवशरणसर चिडले. म्हणाले, "अभिमन्यू, दोस्त तुझा हाय की. जा, किल्ल्या मागून आण." मी रजासुद्धा मांडली.

तेवढ्यात राजेश्वरी म्हणाली, "मागायच्या कशाला? सिद्धलिंगसरांनी सगळं उघडं ठेवलंय ते कशासाठी?" मला काही उमगेना. मग तिनं समजावलं, की खुलं म्हणजे कुणीही उचलून न्यावं, दुसरीकडे मांडावं, तिथं वाढवावं. तूच पहिल्या दिवशी तसं लिहून ठेवलं होतंस. मी ते कधी वाचलंच नव्हतं.

तर गेल्या रविवारी आम्ही सगळं उचलून नव्या जागी मांडलं. कीबोर्ड चालतोय, जोडाक्षरं नीट आहेत. किल्ल्या आता तिघांकडे, एक दमला तर दुसरा. कीबोर्ड उघडला की करणाऱ्यांची नावं दिसतात, त्यात तुझं पहिलं आहे. जुन्या जागेवर 'आम्ही हललो' अशी पाटी लावायची राहिली, ती तुझ्याशिवाय लागत नाही. पण त्यासाठी हे पत्र लिहीत नाही. तुला वाटत असेल, अजून सगळे तुझी वाट बघत खोळंबलेत, कुठल्या तोंडानं जायचं. कुणी खोळंबलेलं नाही, सिद्ध्या. तुझ्या डोक्यावर आता कुणाचंच काम नाही. रजा मात्र मी रद्द केलेली नाही. पुढच्या शनिवारी सकाळी सोलापूर स्टँडवर उतरतो. कीबोर्डातला 'क'सुद्धा तोंडातून काढणार नाही. वहिनींना दोन भाकरी जास्त टाकायला सांग, आणि दार तेवढं तू स्वतः उघड.

तुझाच, कुठंही असलो तरी,
अभिमन्यू