तळमजल्याच्या कुलपाविषयी

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

विटांच्या ढिगावर बसून साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग घालायला घरात जमीन मोकळी राहिलेली नाही, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे.)

प्रकृती कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? चिरंजीव आणि सूनबाई ठीक? झोप कुठे, म्हणजे कशी लागते? तुमचं मागचं पत्र पोचलं. त्यात 'मी मजेत आहे' असं तुम्ही तीनदा लिहिलं आहे. एकदाच लिहिलं असतंत तर मी विश्वास ठेवला असता. आमच्याकडे म्हणाल तर कोणीही मजेत नाही, आणि जो एकजण आहे, म्हणजे तुमचे बंधुराज, त्यांच्यावर माझा संशय आहे. म्हणून हा पत्रप्रपंच. वाचून झालं की कोणाला दाखवू नका, आणि त्यांना तर मुळीच नाही.

आपल्या घराचे तीन फ्लॅट करायचं ठरलंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. तळचा, मधला आणि वरचा. मधला भाड्याने द्यायचा आणि म्हातारपणाची काळजी मिटवायची. इथपर्यंत मीही मान डोलावली. पण ऐन वेळी ह्यांनी शपथच घेतली की नवं काही विकत आणायचं नाही, पाडलेल्या इमारतींचं सामान आणून तेच वापरायचं. तेव्हापासून दूर कुठे घणाचा आवाज झाला की हे पायात चपला अडकवतात. परवा तर एका घराच्या चौकटी टकटक करून बघत होते, तेव्हा आतून घरमालक बाहेर आला. ते घर पाडायचंच नव्हतं! ह्या हौसेपायी मधल्या फ्लॅटच्या न्हाणीघराला बँकेच्या तिजोरीच्या खोलीचं लोखंडी दार लागलं आहे. आत गेलेलं माणूस बाहेर येईपर्यंत जिवाला घोर. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये बंद पडलेल्या थेटराची तिकिटांची खिडकी बसवली आहे, वर 'रांगेत उभे राहावे' या पाटीसकट. कपाटांना शाळेचे फळे लावलेत. त्यातल्या एकावरचं गणित घासून घासून पुसलं जात नाही, आणि ते चुकलेलं आहे. (हे रोज त्याच्यासमोर उभे राहतात. काम रखडतं ते त्यामुळेच, असा माझा अंदाज.)

कंत्राटदार ह्यांनीच शोधून आणला. मी त्याचं नाव 'होऊनजाईल' ठेवलं आहे, कारण त्याला काहीही विचारलं तरी तो तेवढंच म्हणतो. भिंतीला ओल आली, होऊन जाईल. जिना हलतोय, होऊन जाईल. आता हलणाऱ्या जिन्याचं काय होऊन जाणार ते मला स्पष्ट दिसतं, पण आमच्याकडे बायकांना विचारतो कोण! वन्सं, मी काही जात्या संशयी नाही. तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. दूधवाला असो की डॉक्टर, मी माणसाला एकदा पारखते, मग पुन्हा एकदा पारखते, आणि नंतर डोळे मिटून विश्वास टाकते. पण आपली चार सागवानी दारं काढून ह्यांनी आणलेल्या जुन्या दारांशेजारी अंगणात उभी केली, आणि हा होऊनजाईल त्यांच्याकडे मांजरानं दुधाकडे बघावं तसा बघायला लागला, तेव्हा मी मनाशी हिशोब मांडला. आज बघेल, उद्या बदलेल, आणि परवा आपल्या दाराच्या जागी कुठल्यातरी गोदामाचं फळकूट रंगवून लावेल. कोणाला कळणार आहे?

म्हणून मी एक युक्ती केली. शिवणाचा निळा खडू घेतला आणि आपल्या चारही दारांवर, अगदी खाली, सहज नजर जाणार नाही अशा जागी, एक बारीकशी फुली मारली. म्हणजे दार बदललं की चोर सापडला! ह्यांनाही सांगितलं नाही. (त्यांच्या पोटात काही राहत नाही असं तेव्हा मला वाटायचं. त्याबद्दल पुढे येईलच.) दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पाठ टेकली, उठून बघते तो चारही दारं खालून वीतभर कापलेली! सुतार निवांत बिडी ओढत बसला होता. मी आकाशपाताळ एक केलं. तर तो उलट मलाच म्हणतो, वहिनी, आमच्यात फुली म्हणजे टाकायची बाजू, जिथे फुली तिथे करवत. अहो, पण सागवानी दार वीतभर कापायचं म्हणजे एकदा विचारावं की नाही? त्यावर म्हणतो, मलाही चमत्कारिक वाटलं, पण ह्या घरात मी तिजोरीचं दार न्हाणीला लावलंय, तेव्हापासून विचारायचं सोडून दिलं. चूक अर्थातच सुताराची. आता ती दारं बसवली आहेत आणि त्यांच्याखालून मांजर शेपूट वर करून जातं. होऊनजाईल काय म्हणाला ते तुम्हाला सांगायला नको.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं वेगळंच आहे. महिनाभरापासून तळमजल्याला कुलूप आहे. किल्ली ह्यांच्याकडे, आणि ती कुठे आहे म्हणाल तर झोपेतही ह्यांच्या मुठीत. चांगली म्हणून जी वस्तू घरात येते ती थेट तिथे. गुळगुळीत दगडी लाद्या आल्या, गेल्या तळमजल्यावर. दवाखान्याचं रुंद दार, पितळी कठडे, मोठ्ठी काचेची खिडकी, सगळं तळमजल्यावर. आणि आम्ही दोघं राहायचं कुठे? तर वर, शेवटच्या मजल्यावर! हवा छान येते म्हणे. अहो, माझे गुडघे हवेवर चालतात का? शिवाय तळमजल्याचं ते स्वयंपाकघर माझं आहे, वन्सं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या खिडकीशी उभी आहे. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे भांडण आहे, कोणाकडे पाहुणे, सगळं मला तिथून कळतं. वर जाऊन मी कबुतरं मोजू? मला रडू येत होतं, आणि राग त्याहून जास्त येत होता.

शेवटी एकदा हे लाद्या बघायला गेलेले पाहून मी जमिनीवर आडवी झाले आणि दाराखालच्या फटीतून आत डोळा लावला. (वीतभर कापल्याचा एवढा तरी उपयोग!) आतलं बघून माझी खात्रीच पटली. ओटा बुटका. उंबरे काढून टाकलेले. न्हाणीघरात धरायला कठडे. म्हणजे कोणीतरी पैसेवाली म्हातारी भाडेकरीण ठरली, आणि तिच्यासाठी मला माळ्यावर! तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, काय करतेस? मी म्हटलं, कानातलं शोधतेय. ते म्हणाले, दोन्ही कानांत आहे. मग मी तशीच पडल्या पडल्या भांडायला सुरुवात केली.

होऊनजाईल मध्ये पडला नसता तर अजून भांडत असते. त्यानेच सगळं फोडलं. म्हणाला, सांगून टाका साहेब, ताईंसाठी आहे म्हणून.

ताई म्हणजे तुम्ही.

वन्सं, तुमच्या सूनबाईंनी ह्यांना फोनवर रडत सांगितलं म्हणे, की नातवंडांना खोल्या दिल्यापासून तुम्ही बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपता. पहाटे कोणी उठायच्या आत ती घडी करून दारामागे उभी करता, आणि आम्हाला मजेत आहे म्हणून लिहिता! मला केवढा राग आला तुमचा. मी ह्यांना विचारलं, बायकोपासून एवढं लपवायचं कारण काय? तर म्हणाले, तू लगेच पत्र लिहून कळवशील, आणि ताई लगेच नको म्हणेल. बघा, किती संशयी स्वभाव!

थोरांस नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. थेंब विसरू नका.

तुमची भावजय

ता. क. : खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. हे तुम्हाला बोलावतील तेव्हा नको म्हणायचं नाही, पण मला तळमजला सोसत नाही, मला वरच राहायचं, असं स्पष्ट सांगा. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत हे तुम्हालाही कबूल करावं लागेल. आणि ऐकल्यावर आश्चर्य वाटल्यासारखं दाखवा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. वरचा ता. क. रद्द. काल ह्यांच्याकडून किल्ली काढून घेतली आणि आत जाऊन बघितलं. खोल्या दोन आहेत, आणि खिडकीशी दोघीजणी आरामात बसतात. आपण दोघी खाली राहू. ह्यांना वर पाठवू. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, आणि हवा त्यांनाच आवडते.